तुझे फॉलोअर्स किती?

परवा रात्री साडेनऊला नरडाण्याहून भाचीचा फोन आला. आमच्या घराण्यात रात्री नऊनंतर फोन वाजला की आधी पोटात गोळाच येतो. त्यामुळे "काय झालं गं?" हेच माझं पहिलं वाक्य. "काही नाही मामा, इंटरव्ह्यू झाला," ती म्हणाली. आवाजावरून कळलं, 'काही नाही' म्हणजे बरंच काही आहे.

झालं असं होतं. भाची बी.एस्सी., बी.एड. आहे आणि विज्ञान शिकवते. धुळ्यातल्या एका खासगी क्लासला दहावीसाठी शिक्षिका हवी होती. रोज एसटीने ये-जा करायची हिची तयारी होती. आधी डेमो लेक्चर झालं, विषय प्रकाशाचं अपवर्तन. हिने घरून एक वाटी आणि पाण्याची बाटली नेली होती. वाटीत एक रुपयाचं नाणं ठेवलं. वाटी लांब सरकवत नेली, समोरच्या मुलाला नाणं दिसेनासं होईपर्यंत. मग मुलाला जागचं हलू न देता वाटीत हळूहळू पाणी ओतलं आणि नाणं पुन्हा दिसायला लागलं. वर्गात एकच गलका झाला. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून पुढे आला, "मॅडम, मी ओतू का?" म्हणाला. ज्यांनी कधी शिकवलंय त्यांना कळेल, मागच्या बाकावरचा पोरगा आपण होऊन पुढे येणं ही काय चीज असते ते.

मग ऑफिसात बोलावलं. शिक्षण, अनुभव, पगाराची अपेक्षा हे सगळं झालं आणि शेवटचा प्रश्न आला, "इन्स्टाग्रामवर आहात ना? फॉलोअर्स किती?"

हिने खरं ते सांगितलं. दोनशे बारा.

दोन दिवसांनी निरोप आला की दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. त्यानंतर क्लासची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत फिरत हिच्याकडेच पोचली. नव्या मॅडमचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत '१८ हजार फॉलोअर्स'. पदवीचा उल्लेख त्याच्या खाली, बारीक टायपात.

"मामा, माले शिकाडता येस, नाचता येत नही," भाची म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, "मैत्रीण सांगत होती, फॉलोअर्स विकत मिळतात म्हणे. घेऊ का थोडे?"

मला उत्तर सुचलं नाही. "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला. तो उद्या अजून उजाडलेला नाही, म्हणून आज हे लिहितोय. आमच्या आक्का हे वाचतीलच आणि पोरीला दाखवतीलही.

आता तुम्ही म्हणाल, माणसांना नंबर लावायची खोड काय आजची आहे का? मुळीच नाही. आमच्याकडच्या लग्नाची पत्रिका काढून बघा. नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात इतकी निमंत्रकांची आणि प्रमुख उपस्थितांची यादी असते. त्या यादीत कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिलाय. मांडवात माईकवाला 'अमुक आप्पांचं आगमन झालेलं आहे' असं पुकारतो, तेव्हा ज्याचं नाव पुकारलं नाही तो जेवायला बसला तरी त्याला घास गोड लागत नाही. आणि आग्रा रोडवरच्या कुठल्याही फाट्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. एक मोठा चेहरा, त्याच्या खाली मध्यम चेहरे, त्याखाली तिकिटाएवढे चेहरे. रँकिंगच ते.

पण त्या जुन्या रँकिंगमध्ये एक गंमत होती. ते एक नव्हतं, अनेक होती. पत्रिकेत ज्यांचं नाव सगळ्यात वर, त्यांना बैल घेताना कोणी विचारत नसे. त्यासाठी दुसरं माणूस होतं. भजनात पहिला आवाज तिसऱ्याचा. वाटणीचा तंटा मिटवायला चौथा. अडलेल्या बाळंतिणीसाठी कोणाचं दार ठोठवायचं हे बायकांना पक्कं ठाऊक असे आणि ती बाई कुठल्याच फ्लेक्सवर नसायची. गाव माणसाला ओळखायचं ते 'कशासाठी' हे धरून. (जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाहीये. जात, जमीन आणि बापाचं नाव यांचा भाव त्या बाजारात केवढा होता ते आपल्याला माहीत आहे.)

नवी गोष्ट घडली ती ही की सगळ्या कामांना मिळून एकच आकडा आला. याचा सगळ्यात सरळ प्रयोग अमेरिकेत झाला. २००८ मध्ये क्लाउट नावाची एक कंपनी निघाली. इंटरनेटवर तुमचं म्हणणं किती लोकांपर्यंत जातं, किती जण त्याला प्रतिसाद देतात, हे मोजून ती प्रत्येकाला १ ते १०० मधला गुण द्यायची. एक वेळ अशी होती की जस्टिन बीबर या पोरसवदा गायकाला पैकीच्या पैकी १०० आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्याच्या मागे. २०१२ मध्ये कंपनीने हिशेबाची पद्धत बदलली आणि ओबामा पुढे गेले. म्हणजे ओबामांनी त्या आठवड्यात काही विशेष केलं होतं असं नाही, गणित बदललं होतं! त्याच वर्षी एका विमान कंपनीने सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरची आपली खास खोली ४० च्या वर गुण असणाऱ्यांना उघडी केली, तिकीट तिच्या विमानाचं नसलं तरी.

इथवर ठीक होतं, गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण वायर्ड मासिकाने २०१२ मध्ये सॅम फिओरेला या माणसाची हकीकत छापली होती. मार्केटिंगमधला पंधरा वर्षांचा अनुभव असलेला हा गृहस्थ २०११ मध्ये टोरांटोच्या एका एजन्सीत मोठ्या पदासाठी मुलाखतीला गेला. त्याला क्लाउटचा गुण विचारला. तो होता ३४. ज्याला घेतलं त्याचा होता ६७. मग या बाबाने महिनोन्महिने कष्ट करून आपला गुण सत्तरीच्या पुढे नेला, आणि मग त्याला बोलावणी यायला लागली. भाचीचं बोलणं ऐकताना मला हीच गोष्ट आठवली. टोरांटो आणि धुळे यांच्यात एवढाच फरक की तिकडे निदान गुण द्यायला वेगळी कंपनी होती.

क्लाउट २५ मे २०१८ ला बंद पडली. तिचा प्रश्न मात्र बंद पडला नाही. त्याच २०१८ च्या सप्टेंबरात तो आमच्या शेजारी येऊन पोचला. नरडाण्याहून आग्रा रोडने निघालं की शिरपूर ओलांडून तासा-सव्वा तासात मध्य प्रदेशची हद्द लागते. तिकडे विधानसभेची निवडणूक होती आणि प्रदेश काँग्रेसने तिकीट मागणाऱ्यांसाठी पत्रक काढलं की फेसबुक पेजला किमान १५ हजार लाइक्स आणि ट्विटरवर ५ हजार फॉलोअर्स हवेत. भाजपवाल्यांनी यावर हसू नये. त्याच वर्षी पंतप्रधानांनी आपल्या खासदारांना फेसबुकवर तीन-तीन लाख खरे लाइक्स मिळवायला सांगितल्याच्या बातम्या होत्या. 'खरे' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे येतोच.

लाइक्स म्हणजे मतं का? याचं उत्तर आपल्या महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलं. मुंबईच्या वर्सोवा मतदारसंघातून अभिनेते एजाज खान उभे होते. इन्स्टाग्रामवर त्यांचे फॉलोअर्स होते ५६ लाखांच्या आसपास. मतं पडली १५५. त्याच मतदारसंघात 'नोटा'ला १,२९८. लोक तेव्हा खूप हसले. मला मात्र वाटतं, त्यात त्यांची टिंगल करण्यासारखं काही नाही. तो आकडा खोटा होता असं मानायचंही कारण नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता. 'तुम्हाला हा माणूस बघायला आवडतो का?' याचं उत्तर ५६ लाख. 'आमच्या गटाराचं, पाण्याचं काम याच्यावर सोपवाल का?' याचं उत्तर १५५. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलं की फजिती होणारच.

आता 'खरे' या शब्दाकडे येतो. ज्या आकड्यावर भाकरी मिळते, तो आकडा लोक बनवायला लागतात. दुधाला फॅटवर भाव मिळायला लागला तेव्हा डेअरीवर काय काय प्रकार झाले ते गावाकडच्यांना सांगायला नको. जुलै २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने कोणीतरी बनावट प्रोफाइल केल्याची तक्रार मुंबई पोलिसांकडे आली. तपास करता करता गुन्हे शाखेच्या हाती लागलं ते खोटे फॉलोअर्स आणि लाइक्स विकणारं रॅकेट. अटकही झाली. थोडक्यात काय, मैत्रिणीने भाचीला जे सांगितलं ते खरं आहे. मिळतात विकत. आणि विकत घेतलेले कुठले, मिळवलेले कुठले, हे मुलाखत घेणाऱ्याला एका नजरेत कळत नाही. मग तो मोजतोय तरी काय?

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, मी जरा एकांगी होतोय. दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती आमच्याच मातीतली आहे.

अहिराणी बोलली तर मास्तर छडी काढायचे, पुण्या-मुंबईत तोंडातून 'शे' निघालं तर लोक हसायचे, हे आमच्या पिढीने सोसलंय. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार निघाले. आणि आज 'हाई झुमका वाली पोर' सारखं अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं जातं, बोलणाऱ्यांच्या संख्येच्या कितीतरी पट. मालेगावकडच्या छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ तर कुठल्या कुठे पोचले. यातल्या कोणाला मोठ्या स्टुडिओने दार उघडलं नव्हतं. कोणाचा काका चित्रपटसृष्टीत नव्हता. आकड्यानेच त्यांना उभं केलं. पत्रिकेतल्या यादीत ज्यांचं नाव कधीच छापलं गेलं नसतं, त्यांना लोकांनी बोटाने टिचकी मारून वर आणलं. हे मला मनापासून आवडतं. गाणं, नकला, विनोद ही कामंच अशी आहेत की ती लोकांनी बघण्यासाठीच असतात. तिथे किती जणांनी पाहिलं हे विचारणं रास्त आहे.

क्लासच्या मालकाचीही बाजू आहे. त्याला गाळ्याचं भाडं द्यायचंय, दर जूनमध्ये पोरं गोळा करायचीत. अठरा हजार जणांना माहीत असलेला चेहरा म्हणजे फुकटची जाहिरात. त्या नव्या मॅडम वाईट शिकवत असतील असं मी कशाला म्हणू? कदाचित आमच्या भाचीपेक्षा छान शिकवतही असतील. त्यांचा यात काहीच दोष नाही.

आणि खरं सांगायचं तर मालकाला बोलण्याचा मला फारसा अधिकारही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या बॅचने एकत्र जमायचं ठरवलं. प्रमुख पाहुणे कोण, यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा चालली होती. बहुतेकांचं म्हणणं होतं की आपल्या गणिताच्या सरांना बोलवावं. मी, मीच, लिहिलं की सर तर येतीलच, पण पाहुणा जरा नाव असलेला हवा, म्हणजे गर्दी होईल. मग एका रीलवाल्या तरुणाला बोलावलं. गर्दी झाली. सगळ्यांनी फोटो काढले, त्याचं भाषण चार मिनिटं झालं आणि तो निघाला तशी अर्धी गर्दीही निघाली. सर दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांना बोलायला उभं केलं तेव्हा खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. सरांनी दोन वाक्यं बोलून आवरतं घेतलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कार्यक्रम चांगला केला रे." सर आता नाहीत. ते वाक्य मात्र अजून खांद्यावर आहे.

ज्यांनी आम्हाला गणित घातलं त्यांना मी 'फॉलोअर्स किती?' हाच प्रश्न विचारला होता, फक्त शब्द वेगळे होते.

तर मग हा प्रश्न कुठे विचारावा आणि कुठे नाही? मला आपल्या जुन्या म्हणीपलीकडे काही सापडलं नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला? जे काम समोर दिसतंय, हातात घेऊन तपासता येतंय, तिथे लोकांचे डोळे मोजू नयेत. आपलेच डोळे वापरावेत. क्लासच्या मालकापुढे वाटी होती, नाणं होतं, मागच्या बाकावरून पुढे आलेला पोरगा होता. त्याने डेमो स्वतः पाहिला होता, आणि पाहून झाल्यावर त्याने आरसा मागितला! मला राग आहे तो याचा. चेहरा हवा असेल तर जाहिरातीत आधीच लिहा की शिकवणं इतकं आणि प्रसिद्धी इतकी. म्हणजे पोरी वाटी घेऊन एसटीत बसणार नाहीत.

भाचीच्या पदवीवर नाव आहे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं. २०१८ मध्ये विद्यापीठाला हे नाव मिळालं. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेली ही बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर ओव्या म्हणायची. घरातल्यांनी, मुलगा सोपानदेव आणि आणखी एका नातलगाने, त्यातल्या काही लिहून ठेवल्या म्हणून त्या राहिल्या. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली तेव्हा घराबाहेर तिला कवयित्री म्हणून ओळखणारे किती होते? पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी वाचली आणि ती छापलीच पाहिजे म्हणून मागे लागले. १९५२ मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह.

आता बघा, सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून ती वही अत्र्यांपर्यंत पोचली, हे खरंच आहे. सगळ्यांच्या घरात सोपानदेव नसतात. अशा किती बहिणाबाई जात्याबरोबरच संपल्या असतील याचा हिशेब नाही. त्यांच्यापैकी एखादीच्या नातीने आज मोबाइलवर आजीची ओवी टाकली आणि ती लाखोंनी ऐकली, तर मी पहिला टाळी वाजवीन. पण वही समोर आल्यावर अत्र्यांनी काय केलं तेही बघा. ही बाई कोण, हिला किती लोक ओळखतात, हे विचारून वही बाजूला ठेवली नाही. ती उघडून वाचली. एवढंच केलं. बाकीचं काम कवितेनेच केलं.

म्हणून आक्का, पोरीला सांग (नाहीतर मीच उद्या फोन करतो, नक्की), फॉलोअर्स विकत घेऊ नकोस. पोलीस पकडतील म्हणून नाही, दोनशे बारा माणसं विकत घेऊन कोणी धरलं नाही अजून. पण मग पुढच्या ऑफिसात खरं सांगायची सोय राहणार नाही. आणि दोनशे बाराची लाजही वाटून घेऊ नकोस. तो नाण्याचा प्रयोग आहे ना, तो कोणाला तरी सांगून मोबाइलवर नीट चित्रित करून घे. नाचायची गरज नाही. पाणी ओतायचं आणि नाणं का दिसलं ते सांगायचं, आपल्या अहिराणीत सांगितलंस तरी चालेल. शिंदखेडा तालुक्यातल्या दहा पोरांना कळलं तरी दहा पोरांना अपवर्तन कळलं. लोकांनी पाहिलं तर आनंद आहे, नाही पाहिलं तरी तुझं शिकवणं कमी होत नाही. दुसऱ्या क्लासेसना अर्ज करत राहा. वाटी बरोबर ने. कोणीतरी ती बघणारा भेटेलच, हे मी खात्रीने सांगू शकत नाही, पण मला तसं वाटतं.

आणि आपण सगळे, ज्यांच्यावर कधी ना कधी कोणाला तरी निवडायची वेळ येते, पाहुणा असो, शिक्षक असो, नगरसेवक असो, डॉक्टर असो, आपण निदान एवढं करू. आधी वही उघडून वाचू. आकडा नंतर विचारू, तोही गरज असेल तर.

नाणं पाणी ओतायच्या आधीही वाटीतच होतं. आणि पाण्यातून ते दिसतं तेव्हा आहे त्यापेक्षा थोडं वर दिसतं, हेही भाचीनेच मला समजावलं. दहावीत मला ते कळलं नव्हतं. असो.